माल बोलत नाही, दुकानदाराने सांगावं लागतं

जळगाव-धुळ्याच्या बाजारात कसबी माणसांची वाण नाही. भरीत, पापड, घाण्याचं तेल, सोन्याचे दागिने, सगळंच उत्तम मिळतं. ते उत्तम का, हे सांगायचं मात्र राहून जातं आणि चांगल्या मालाला पडेल भाव मिळतो. त्यामागचे पाच गैरसमज पाहू.

गैरसमज १ : माल चांगला असला की गिऱ्हाईक आपोआप येतं.

वस्तुस्थिती : ओळखीचं येतं, नवख्याला कळायला मार्ग नसतो. खान्देशी भरीत मोठ्या हिरव्या वांग्यांचं आणि काड्यांवर भाजलेलं असतं, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. पुण्याहून आलेल्याला जांभळं वांगं आणि गॅसची शेगडीच माहीत असते. 'चविष्ट भरीत मिळेल' या पाटीतून त्याला काहीच कळत नाही. 'बामणोदची हिरवी वांगी, तुरीच्या काड्यांवर भाजलेली, सोबत कळण्याची भाकरी' असं लिहिलं, तर फरक कळतो. जे लिहिलं ते ताटात मात्र असलंच पाहिजे.

गैरसमज २ : भाव उतरवला की गिऱ्हाईक टिकतं.

वस्तुस्थिती : आज तुम्ही पाच रुपये कमी केले, तर उद्या शेजारचा सहा करतो. धुळ्यातल्या लाकडी घाणेवाल्याला कारखान्याच्या तेलाशी भावात टक्कर देता येणार नाही. एक लिटर शेंगदाणा तेलाला घाण्यावर साधारण दोन ते अडीच किलो दाणे लागतात आणि काही तेल पेंडीतच राहतं. हा हिशेब फळ्यावर लिहा. भाव का जास्त, हे समजलेलं गिऱ्हाईक घासाघीस कमी करतं.

गैरसमज ३ : विश्वास पिढ्यान्‌पिढ्यांचा असतो, तो दाखवता येत नाही.

वस्तुस्थिती : जळगावच्या सराफ बाजाराची कीर्ती जुनी आहे, राजमल लखीचंद ही पेढी १८५४ची. पण आजचं गिऱ्हाईक पडताळूनही पाहू शकतं. १६ जून २०२१पासून सोन्याच्या दागिन्यांचं हॉलमार्किंग टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं आणि १ एप्रिल २०२३पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा ओळख-क्रमांक असावाच लागतो. 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर तो टाकला की शुद्धता दिसते. छोट्या सराफाने हे गिऱ्हाइकासमोर स्वतःच करून दाखवावं. बिलात वजन, शुद्धता आणि मजुरी वेगवेगळी लिहावी. नव्या गिऱ्हाइकाच्या मनात विश्वासाची सुरुवात इथूनच होते.

गैरसमज ४ : जळगावला जीआय मिळालाय, म्हणजे ते नाव आपल्यालाही लावता येतं.

वस्तुस्थिती : जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजेच जीआय, मिळालं. ते त्या फळाला आणि त्या भाजीला आहे. वेफर्सना किंवा तयार भरिताला नाही. शिवाय १९९९च्या कायद्यानुसार ते नाव वापरण्याचा हक्क नोंदणीकृत 'अधिकृत वापरकर्त्या'ला मिळतो. नोंदणी नसेल तर पाकिटावर जीआयचं चिन्ह छापू नका. 'रावेर-यावलच्या केळीचे वेफर्स, तळण शेंगदाणा तेलातलं' हे खरं असेल, तर तेवढं सांगणंही पुरेसं वजनदार आहे.

गैरसमज ५ : जुनं गिऱ्हाईक आपलंच आहे, त्याला काय सांगायचं?

वस्तुस्थिती : सर्वांत आधी त्यालाच सांगायचं. तेल बदललं, पाकिटातलं वजन घटलं, भाव वाढला, तर कारणासह कळवा. घरी गेल्यावर त्याला स्वतःला कळलं, तर फसवल्याची भावना होते. हिवाळ्यात पहिली वांगी आली, उन्हाळ्यात उडदाचे पापड तयार झाले, की व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी पाठवा. पाकिटावर तक्रारीसाठी संपर्क छापणं कायद्यानेच बंधनकारक आहे. तो ठळक छापा आणि फोन उचला. तक्रार करणाऱ्याला अजून तुमच्याकडेच यायचं असतं.

या सगळ्याला जाहिरातीचं मोठं बजेट लागत नाही. आज दुकान बंद करण्यापूर्वी तीन ओळी लिहून काढा : माल कुठून येतो, कसा बनतो, आणि बिघडला तर तुम्ही काय कराल. गिऱ्हाइकाला तपासता येईल एवढंच लिहा आणि उद्या ते पाटीवर लावा.