उणे, शून्य आणि अधिक

उजनी धरण किती टक्क्यांवर आलं, हा धरणकाठच्या पळसदेव गावात उन्हाळ्यातला रोजचा विषय. धरण ‘उणे’ झालं म्हणजे पाणी मृतसाठ्यात उतरलं. पण शून्याच्या वर आलं, तरी धरण भरलं असं कुणी म्हणत नाही. जॉन ट्रॅव्हिस या अमेरिकी डॉक्टरांनी १९७२ मध्ये आरोग्याचीही अशीच सलग पट्टी आखली. मधोमध शून्य, म्हणजे त्रास नाही, एवढंच. एका बाजूला लक्षणं, अपंगत्व आणि अकाली मृत्यू. दुसऱ्या बाजूला वाढत जाणारी सुदृढता. आपण सगळे या पट्टीवर सतत सरकत असतो. गैरसमज होतात ते हे सरकणं नजरेआड झाल्यामुळे.

गैरसमज : काही दुखत नाही, म्हणजे मी ठणठणीत.
वस्तुस्थिती : उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त असेल, तर तो मधुमेह. १०० ते १२५ ही त्याच्या उंबरठ्यावरची अवस्था. तिच्यात बहुधा काहीच जाणवत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मधल्या अहवालानुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत, तर उंबरठ्यावर १३.६ कोटी. सुश्रुतानेही रोगाच्या सहा अवस्था सांगितल्या आणि लक्षणं उघड होण्याची अवस्था त्यांत पाचवी ठेवली.

गैरसमज : सडपातळ माणसाला साखर होत नाही.
वस्तुस्थिती : पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं उदाहरण २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. साखरेचा धोका या लपलेल्या चरबीनेही वाढतो, म्हणून नुसत्या अंगलटीवर जाऊ नये. कमरेचा घेर आणि रक्तातली साखरही मोजावी.

गैरसमज : बरं वाटलं की गोळ्या बंद.
वस्तुस्थिती : क्षयरोगात काही आठवड्यांतच खोकला आणि ताप ओसरतो, पण जंतू शिल्लक असतात. नेहमीच्या क्षयाचा उपचार साधारण सहा महिने चालतो. अर्धवट सोडला, तर आजार उलटतो आणि औषधांना दाद न देणारे जंतू तयार होऊ शकतात. रक्तदाबाचा आकडा नीट येतो, तोही बऱ्याचदा गोळी चालू असल्यामुळेच.

गैरसमज : कायमचा आजार जडला, आता सगळं संपलं.
वस्तुस्थिती : साखर ताब्यात ठेवणारा, रोज पाय तपासणारा, वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा बघून घेणारा मधुमेही हा निदानच न झालेल्या मधुमेह्यापेक्षा कितीतरी सुरक्षित असतो. अर्धांगवायूच्या रुग्णालाही घरी सोडलं म्हणजे काम संपत नाही. व्यायाम, चालण्याचा सराव आणि घरच्यांचा आधार हाही उपचारच आहे.

गैरसमज : दवाखाना आजारी पडल्यावरच.
वस्तुस्थिती : आरोग्य केंद्रांत तिशीनंतर रक्तदाब, साखर आणि तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा कर्करोग यांची तपासणी मोफत करण्याची सरकारी योजना आहे. गावातल्या आशाताईंना विचारलं, तर कुठे आणि कधी जायचं ते कळतं.

रुग्णसेवेत या पट्टीचा उपयोग हाच. रोगाचं नाव कळलं की डॉक्टर आणि परिचारिकेने रुग्ण कोणत्या बाजूला सरकतोय, हेही पाहायचं असतं. त्यासाठी जुने रिपोर्ट जपून ठेवा. पुढच्या तपासणीला ते सोबत न्या आणि ‘नॉर्मल आहे ना?’ एवढंच न विचारता ‘मागच्यापेक्षा आकडा कुठे गेला?’ असंही विचारा.