कोरेगाव जयस्तंभ

तिसऱ्या इंग्रज–मराठा युद्धातील (१८१७–१८) कोरेगावच्या लढाईत ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूने लढताना मृत्यू पावलेल्या सैनिकांचे स्मारक. पुण्याच्या ईशान्येस सु. ३० किमी. वर, अहिल्यानगरकडे (पूर्वीचे अहमदनगर) जाणाऱ्या रस्त्यालगत पेरणे (ता. हवेली) गावाच्या हद्दीत ते असून प्रत्यक्ष रणक्षेत्र असलेले कोरेगाव भीमा (ता. शिरूर) हे गाव भीमा नदीच्या पलीकडील तीरावर आहे.

नोव्हेंबर १८१७ मध्ये पुणे कंपनीच्या हाती गेल्यावर दुसरा बाजीराव (कार. १७९६–१८१८) मोठ्या सैन्यासह पुन्हा पुण्याच्या रोखाने येऊ लागला. तेथील इंग्रज सैन्याच्या मदतीसाठी कॅप्टन स्टाँटन शिरूरहून ३१ डिसेंबरच्या रात्री निघाला. त्याच्याबरोबर मुंबई देशी पायदळाचे सु. ५०० शिपाई, सु. ३०० स्वार, मद्रास तोफखान्याचे २४ गोलंदाज व दोन तोफा होत्या. १ जानेवारी १८१८ रोजी पेशव्यांच्या सैन्याशी गाठ पडताच त्याने कोरेगावचा आश्रय घेतला. पेशव्यांचे सैन्य सु. २८,००० होते, असे सांगितले जाते. मात्र प्रत्यक्ष हल्ला अरब, गोसावी व मराठे यांच्या निवडक तुकड्यांनी केला. अन्नपाण्यावाचून दिवसभर चाललेली ही लढाई रात्री थांबली. कंपनीकडील ठार, जखमी व बेपत्ता मिळून सु. २७५ होते. जनरल स्मिथचे सैन्य जवळ येत असल्याने पेशवा दक्षिणेकडे निघून गेला आणि स्टाँटन शिरूरला परतला. त्यामुळे या लढाईच्या लष्करी निर्णायकतेविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत.

कंपनी सरकारने या लढाईला आपल्या विजयाचा मान देऊन १८२१ मध्ये स्तंभाची पायाभरणी केली. चौकोनी जोत्यावरील या दगडी स्तंभावर इंग्रजी व मराठी लेख असून मृत सैनिकांची ४९ नावे कोरलेली आहेत. त्यांपैकी २२ नावांच्या अखेरीस ‘नाक’ हे पद येते. ते त्या काळी महार पुरुषांच्या नावांना जोडले जात असे. त्यावरून हे सैनिक महार असल्याचे मानले जाते. उरलेल्या नावांत इतर हिंदू जातींच्या, तसेच मुसलमान व ज्यू सैनिकांचा समावेश आहे.

सत्तेच्या विजयासाठी उभारलेल्या या स्तंभाला पुढे या नावांमुळे वेगळा अर्थ प्राप्त झाला. १८९२ च्या सुमारास ‘लढाऊ जाती’च्या धोरणानुसार महारांची सैन्यभरती बंद करण्यात आली. अस्पृश्यांना उपजीविका, शिक्षण व प्रतिष्ठा देणारा एक मार्ग त्यामुळे खुंटला. भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे प्रभृतींनी सरकारकडे अर्ज केले. पूर्वजांच्या लष्करी सेवेचा दाखला हा त्या मागणीचा आधार होता आणि कोरेगावची नावे हा त्याचा कोरीव पुरावा ठरला. पहिल्या महायुद्धकाळी, १९१७ मध्ये, उभारलेली महार पलटण १९२१ मध्ये मोडण्यात आली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्तंभास भेट देऊन मानवंदना दिली. १९४१ मध्ये महार रेजिमेंट स्थापन झाली; तिच्या प्रारंभीच्या मानचिन्हावर कोरेगावचा स्तंभ होता. स्वातंत्र्यानंतर तो मानचिन्हातून वगळण्यात आला.

दरवर्षी १ जानेवारीस येथे मानवंदनेसाठी लाखो लोक जमतात. लढाईला दोनशे वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, १ जानेवारी २०१८ रोजी, परिसरात हिंसाचार होऊन एकाचा मृत्यू झाला व राज्य शासनाने चौकशी आयोग नेमला. ही लढाई जातिव्यवस्थेविरुद्धचा लढा होती, की दोन राजसत्तांमधील युद्ध, हा वाद अद्याप चालू आहे. स्तंभावरील लेखात जातीचा निर्देश नाही. तेथे आहेत ती केवळ मृतांची नावे. ज्या समाजाच्या शौर्याची नोंद अन्यत्र क्वचितच झाली, त्याच्या दृष्टीने या नावांचे मोल लढाईच्या निकालावर अवलंबून नाही.