पंप बंद पडल्यावर सुईचा आधार
इन्सुलिन पंपात केवळ जलद परिणाम करणारे इन्सुलिन असते आणि ते त्वचेखालच्या बारीक नळीतून दिवसरात्र थोडे थोडे जात राहते. त्यामुळे पंप बंद पडला किंवा ती नळी दुमडली, तर टाइप 1 मधुमेह असलेल्या व्यक्तीच्या शरीरातील इन्सुलिन काही तासांतच संपते, साखर चढते आणि चरबीच्या विघटनातून तयार होणारी कीटोन नावाची आम्लधर्मी द्रव्ये रक्तात साचू लागतात. उलट्या, पोटदुखी, खोल व जलद श्वास ही लक्षणे दिसताच विनाविलंब रुग्णालय गाठावे.

अशा वेळी जेवणापूर्वीचा डोस जलद इन्सुलिनच्या इंजेक्शनने, तर पायाभूत, म्हणजे उपाशीपोटीही लागणारा, पुरवठा ग्लार्जिनसारख्या सुमारे 24 तास टिकणाऱ्या इन्सुलिनने भागवला जातो. त्याचे प्रमाण डॉक्टरांकडून आधीच ठरवून कागदावर उतरवून ठेवणे अत्यावश्यक आहे, कारण बंद पंपाच्या पडद्यावर जुने आकडे दिसत नाहीत.

भारतात सर्वाधिक जपावे ते सिरिंजबाबत. येथे मिलिलिटरला 40 आणि 100 युनिट अशा दोन्ही तीव्रतेच्या कुप्या मिळतात. लाल टोपणाची सिरिंज 40 साठी, नारिंगी टोपणाची 100 साठी असते. पंपातले इन्सुलिन सामान्यतः 100 तीव्रतेचे असल्याने ते लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 10 च्या खुणेपर्यंत भरल्यास प्रत्यक्षात 25 युनिट शरीरात जातात, आणि ही चूक प्राणावर बेतू शकते. पंप दुरुस्त झाल्यावरही, ग्लार्जिनचा अंमल ओसरण्यापूर्वी पंपाचा पायाभूत पुरवठा डॉक्टरांना विचारल्याविना सुरू करू नये.