विश्लेषण : अबोल मुलाची चित्रं ते मोबाइलवरचा ‘वारली फिल्टर’… ‘आउटसायडर आर्ट’ म्हणजे काय?

म्हसळा : लग्नाची डिजिटल पत्रिका, व्हॉट्सअॅप ग्रुपचा डीपी, श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या एखाद्या होमस्टेची जाहिरात. तारप्याभोवती फेर धरणारी वारली माणसं आज कोणत्याही स्क्रीनवर दिसू शकतात. पण त्या आकृत्यांखाली चित्रकाराचं नाव क्वचितच असतं. बोलण्याला पर्याय म्हणून चित्र काढणाऱ्यांची कला आणि डिजिटल समाज यांचं नातं समजून घेऊ.

‘आउटसायडर आर्ट’ म्हणजे काय?

कलाशाळेत न शिकलेल्या, गॅलरी आणि बाजाराच्या बाहेर राहून स्वतःच्या ओढीनं चित्रं काढणाऱ्यांची ही कला. फ्रेंच चित्रकार जाँ द्युबुफे यांनी १९४५ मध्ये तिला ‘आर ब्रूत’, म्हणजे कच्ची कला, असं नाव दिलं. त्यांचा संग्रह १९७६ पासून स्वित्झर्लंडमधील लोझान शहरात लोकांसाठी खुला आहे. ‘आउटसायडर आर्ट’ हा इंग्रजी शब्द रॉजर कार्डिनल यांच्या १९७२ मधील पुस्तकामुळे रूढ झाला.

महाराष्ट्रातलं उदाहरण कोणतं?

जिव्या सोमा मशे. डहाणू तालुक्यातील (आता पालघर जिल्हा) हे वारली चित्रकार. लहानपणी आई गेली आणि या मुलानं बोलणं थांबवलं. पुढची काही वर्षं मातीत रेघोट्या काढून तो आपलं म्हणणं सांगत असे. मनातलं सांगण्यासाठी चित्र हीच त्याची भाषा होती.

वारली समाजात लग्नाचा चौक सुवासिनी लिहितात. गेरूनं सारवलेली भिंत, तांदळाचं पीठ आणि बांबूची काडी एवढंच साहित्य. मशे पुरुष असूनही, लग्नकार्य नसतानाही रोज चित्रं काढत. १९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्यामुळे ही चित्रं भिंतीवरून कागदावर आली. मशे यांना १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. १५ मे २०१८ रोजी त्यांचं निधन झालं.

मग मशे ‘आउटसायडर’ होते का?

काटेकोर अर्थानं नाही. त्यांच्यामागे अख्ख्या समाजाची परंपरा होती. शहरातल्या गॅलरीला ते बाहेरचे वाटले, तरी आपल्या पाड्यावर ते घरचेच होते. कोण आत आणि कोण बाहेर, हे कुठे उभं राहून बघतो त्यावर ठरतं.

इमोजी आणि या चित्रांत फरक काय?

जपानमधील शिगेताका कुरिता यांनी १९९९ मध्ये १७६ इमोजींचा संच तयार केला. प्रत्येक इमोजी १२ बाय १२ पिक्सेलचा. वारली माणूसही तितकाच सुटसुटीत : दोन त्रिकोण, एक गोल, चार रेषा. पण इमोजी तयार यादीतून निवडावा लागतो. हातानं काढणारा आपलं चिन्ह स्वतः घडवतो. फॉर्म, ओटीपी, पासवर्ड अशा अक्षरांवर चालणाऱ्या व्यवहारात ज्यांना लिहिता-वाचता येत नाही किंवा बोलता येत नाही, त्यांच्यासाठी हा फरक मोठा आहे.

अडचण कुठे आहे?

वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं. जीआयमुळे नावाला संरक्षण मिळतं. कॉपीराइट विशिष्ट चित्राला मिळतो, चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं. शैलीवर मात्र कोणाचीच मालकी नसते. म्हणून ‘वारली स्टाइल’ असं टाइप करताच एआय अॅप काही सेकंदांत चित्र देतं. ते दिसतं तसंच, पण त्यामागे सांगणारं माणूस नसतं आणि पाड्यावरच्या चित्रकाराला त्यातून काही मिळत नाही.

वाचक काय करू शकतात?

• शाळेची किंवा होमस्टेची भिंत रंगवायची असेल तर वारली चित्रकारांनाच काम द्या आणि भिंतीवर त्यांचं नाव लिहू द्या.

• चित्र विकत घेताना कोणी काढलं ते विचारा. जीआयखाली नोंदणीकृत ‘अधिकृत वापरकर्ता’ आहे का, तेही पाहा.

• चित्र फॉरवर्ड करताना चित्रकाराचं नाव कापू नका.

• घरातलं एखादं मूल बोलण्यापेक्षा चित्रात रमत असेल, तर कागद काढून घेण्याआधी त्यानं काय काढलंय ते बघा. मशे यांच्या रेघोट्याही कोणीतरी थांबून बघितल्या, म्हणूनच त्या जगापर्यंत पोहोचल्या.