भाग ३४: जुनी चौकट विकू का? सागाच्या लाकडाबद्दल थोडं सविस्तर

(भागाचा लिखित मसुदा. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेचसे काढलेत, काही राहिलेत.)

आजचा विषय साग. आपल्याकडे दाराची चौकट म्हटली की 'सागवानच लावा' असं घरातलं कुणीतरी सांगतंच. का, असं विचारलं तर उत्तर येतं, 'मजबूत असतं.' गंमत म्हणजे हे उत्तर अर्धवट आहे. शिसम सागापेक्षा कठीण. बाभूळ आणि ऐन सागापेक्षा जड आणि कठीण. नुसता टणकपणा हवा असता तर आपण बाभळीची दारं लावली असती.

मग सागाचं काय खास? तर तो कशातच पहिला नाही, पण सगळ्यात बरा आहे. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेने भारतीय लाकडांची तुलना करताना सागाला १०० गुण धरले आणि बाकीच्यांना त्याच्या प्रमाणात मोजलं. वजन, ताकद, टणकपणा, आकार टिकवणं, प्रत्येक रकान्यात साग म्हणजे १००. आमच्या क्षेत्रात याला बेंचमार्क म्हणतात, आणि बेंचमार्क नेहमी संतुलित गोष्टच असते.

खरी करामत आकार टिकवण्यात आहे. लाकूड हे स्पंजासारखं असतं, हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. त्यात ते सगळ्या दिशांना सारखं आकसत नाही. ओलं लाकूड पूर्ण वाळवलं तर साग गाभ्यापासून सालीच्या दिशेला साधारण २.५ टक्के आकसतो आणि वर्तुळांच्या दिशेला साधारण ५.८ टक्के. बऱ्याच लाकडांमध्ये हे आकडे यापेक्षा मोठे असतात. पावसाळ्यात दार फुगून बसत नाही, उन्हाळ्यात फळीला भेग पडत नाही, ते यामुळे. जुलैत दार लावायला खांदा लावावा लागत असेल, तर त्या दाराचं लाकूड कुठलं ते एकदा बघा.

दुसरी गोष्ट वाळवीची. सागाच्या गाभ्यात तेलकट द्रव्यं असतात, त्यात टेक्टोक्विनोन नावाचं एक रसायन असतं, जे वाळवीला मानवत नाही. हे झाडाने स्वतःच्या संरक्षणासाठी बनवलेलं. पण इथे एक अट आहे, आणि बाजारातली अर्धी फसवणूक या अटीवर चालते: हे संरक्षण फक्त गाभ्याला. सालीलगतचा पांढरट भाग वाळवी आणि भुंगा आरामात खातात. म्हणजे लाकूड शंभर टक्के साग असू शकतं आणि तरीही पाच वर्षांत पोखरलेलं असू शकतं. विकणारा खोटं बोललेला नसतो, फक्त पूर्ण बोललेला नसतो.

सागात सिलिकाही असते, त्यामुळे रंध्याची आणि करवतीची धार लवकर जाते. सुतार मजुरी जास्त सांगतो त्यामागे हेही एक कारण.

लोखंडाशी सागाचं चांगलं जमतं. ओकच्या लाकडातल्या आम्लामुळे खिळे गंजतात, सागात तो त्रास फार कमी. म्हणून जहाजं. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने ब्रिटिश आरमारासाठी मलबारी सागाची जहाजं बांधली. त्यातलं १८१७ चं 'ट्रिंकोमाली' आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे, आणि अजून तरंगतंय! दोनशे वर्षं पाण्यात. आपल्याकडे त्याच्याही आधी, रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाबद्दल सूचना आहेत: राज्यातला साग लागेल तेवढा परवानगीने तोडावा, जास्त लागला तर बाहेरून विकत आणावा, पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत.

आता श्रोत्यांचा प्रश्न. कोकणातलं आजोबांनी बांधलेलं घर दिवाळीनंतर पाडायचं आहे. ठेकेदार म्हणतोय, 'जुनं लाकूड मी उचलतो, पाडण्याच्या मजुरीत वळतं करू.' हो म्हणू का?

आधी मोजा. सात बाय तीन फुटांची चौकट, उंबरठ्यासकट, म्हणजे २० फूट लांबीचं लाकूड. जाडी पाच बाय तीन इंच धरली तर छेद १५ चौरस इंच. १५ भागिले १४४, गुणिले २०, म्हणजे सुमारे २.१ घनफूट. ही एक चौकट. घरात अशा आठ असतील, वर दारं, तुळया, वासे. सगळं मोजून वहीत लिहा आणि आपल्या तालुक्यातल्या लाकडाच्या वखारीत जुन्या सागाचा घनफुटाचा भाव विचारा. मग ठेकेदाराशी बोला. भाव मी सांगत नाही, गावागणिक बदलतो.

पण ते साग आहे का, हे आधी ठरवा. कोकणातल्या जुन्या घरांत फणस, ऐन, किंजळही सर्रास असतं. चौकटीच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला पटाशीने एक पापुद्रा काढा. सागाचा ताजा भाग सोनेरी तपकिरी दिसतो, बोटाला मेणचट लागतो आणि चामड्यासारखा वास येतो. टोकाच्या छेदावर वर्तुळं स्पष्ट दिसतात, प्रत्येक वर्तुळाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची ओळ. वजनही सांगतं: वाळलेला साग घनफुटाला १८-१९ किलोच्या आसपास, म्हणजे वरची चौकट चाळीस किलोच्या आतबाहेर. ऐन बराच जड लागेल. खात्री नसेल तर ठेकेदाराचा नसलेला सुतार बोलवा.

साग निघाला तर माझं मत सरळ आहे: देऊ नका, नव्या घरात वापरा. जुन्या चौकटी बहुधा मोठ्या झाडांच्या गाभ्यातून काढलेल्या असतात, आणि इतक्या पावसाळ्यांत त्यांना जेवढं वाकायचं तेवढं त्या वाकून झालेल्या असतात. रंधा मारण्याआधी खिळे मात्र एकूण एक काढून घ्या.

नवीन घ्यायचाच झाला तर नावांवर जाऊ नका. म्यानमारने २०१४ पासून न कापलेले ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं, तरी 'बर्मा' हे नाव दुकानात सगळीकडे ऐकू येतं. 'आफ्रिकन टीक' म्हणजे कधी आफ्रिकेत लावलेला खरा साग, कधी इरोकोसारखं भलतंच झाड. आपला चंद्रपूर-गडचिरोलीचा साग कमी नाही; अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहूनच गेला. कुठलाही घ्या, पॉलिश किंवा रंग चढण्याआधी फळ्या बघा आणि पांढरा भाग किती आहे ते मोजा. रंग लावून आलेली चौकट घेऊच नका, खाली काय आहे ते कळत नाही. आणि सुतार फेव्हिकॉल लावायच्या आधी जोडाची जागा थिनरने पुसतोय ना, तेवढं उभं राहून बघा. तेलकट लाकडावर गोंद नीट धरत नाही.

पुढच्या भागात बांबू. प्रश्न नेहमीच्या नंबरवर पाठवा, छेदाचा फोटो काढलात तर तोही.