विशेष शैक्षणिक गरजा असलेल्या मुलांमधील स्वावलंबन व जीवनकौशल्यांचा विकास

प्रस्तावना

विशेष शैक्षणिक गरजा असलेल्या मुलाच्या पालकांना सर्वाधिक सतावणारा प्रश्न म्हणजे आपल्या पश्चात हे मूल कसे जगेल. ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६’ च्या कलम ३१ नुसार लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या बालकास वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. अठराव्या वर्षी हे संरक्षण संपते. पुढील आयुष्य मात्र दीर्घ असते. त्या आयुष्याची तयारी शालेय वयातच व्हावी लागते. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या संदर्भात या तयारीचे स्वरूप व पद्धती यांचा विचार केला आहे.

जीवनकौशल्यांचे स्वरूप

जागतिक आरोग्य संघटनेने निर्णयक्षमता, समस्या निराकरण, परिणामकारक संप्रेषण इत्यादी दहा जीवनकौशल्ये सांगितली आहेत. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या बाबतीत त्यांची सुरुवात दैनंदिन कृतींतून होते. दोन सदऱ्यांपैकी एक निवडणे हा निर्णय होय. तहान लागल्याचे खुणेने सांगणे हे संप्रेषण होय. १९८४ मध्ये सिकंदराबाद येथे स्थापन झालेल्या राष्ट्रीय मानसिक विकलांग संस्थेने मूल्यमापनासाठी तयार केलेल्या पडताळासूचीत वैयक्तिक, सामाजिक, शैक्षणिक, व्यावसायिक व मनोरंजनात्मक अशी पाच क्षेत्रे आहेत. वाचन व गणन हे यांपैकी एकाच क्षेत्राचे घटक आहेत, ही बाब शिक्षकांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

अध्यापनाची पद्धती

या मुलांना कौशल्य शिकविताना ‘कृतिविश्लेषण’ उपयुक्त ठरते. सदरा घालणे ही आपणास एक कृती वाटते. प्रत्यक्षात सदऱ्याची पुढची बाजू ओळखणे, एकेक हात बाहीत घालणे, कडा जुळविणे, प्रत्येक गुंडी लावणे अशा अनेक पायऱ्या तीत असतात. मुलाला कोणती पायरी जमते व कोणती जमत नाही, याची प्रथम नोंद करावी. पुष्कळदा शेवटच्या पायरीपासून आरंभ करणे हितावह असते. अखेरची गुंडी सोडून सर्व काही शिक्षकाने करावे व ती गुंडी मुलाने लावावी. काम पूर्ण केल्याचा आनंद पहिल्याच दिवशी मिळतो आणि मूल पुढील पायरीस तयार होते.

मदतीचेही टप्पे असतात. प्रथम हात धरून करवून घेणे, मग करून दाखविणे, नंतर तोंडी सूचना, पुढे केवळ खूण आणि शेवटी स्तब्ध राहून वाट पाहणे. मदत पद्धतशीरपणे कमी केली नाही, तर मूल कृतीऐवजी सूचनेची वाट पाहण्यास शिकते.

कौशल्याचे संक्रमण हा यापुढचा प्रश्न आहे. वर्गातील खोटी नाणी मोजणारे मूल दुकानात गोंधळते. म्हणून व्यवहार जेथे घडतो तेथेच तो शिकवावा लागतो. सावर्डे बाजारपेठेतून साबण आणून उरलेले पैसे घेणे, एसटीत चढून गावाचे नाव सांगून तिकीट काढणे हे त्याचे खरे पाठ होत.

घर व परिसर

कोकणात वाड्या विखुरलेल्या असतात आणि विशेष शाळा बहुधा शहरात असते. त्यामुळे घर हीच महत्त्वाची पाठशाळा ठरते. भाजी निवडणे, कोंबड्यांना दाणे टाकणे, आमसुले उन्हात पसरणे व सायंकाळी आत घेणे या कामांत क्रम, वेळ व जबाबदारी यांचे शिक्षण आहे. येथे मोठा अडथळा मायेचा असतो. सकाळच्या घाईत आई मुलाला दोन मिनिटांत आवरून देते. स्वतः आवरण्यास त्याला वीस मिनिटे लागतात. रोज वाचविलेली ती अठरा मिनिटे पुढे आयुष्यभराच्या परावलंबनाच्या रूपाने फेडावी लागतात. शिवाय सोळा वर्षांच्या मुलाला ‘बाळ’ समजून वागविल्यास खाजगीपणा, शरीराची सुरक्षितता व नकार देण्याचा अधिकार ही अत्यावश्यक कौशल्ये शिकवायची राहून जातात.

महाविद्यालयांची भूमिका

रत्नागिरी येथील ‘आविष्कार’ संस्थेने विशेष शाळेच्या जोडीला शामराव भिडे कार्यशाळा चालवून शाळेनंतरच्या आयुष्याचा विचार केला आहे. अशा प्रयत्नांना महाविद्यालये पूरक ठरू शकतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांना कृतिविश्लेषणाचे प्रशिक्षण देता येईल. उपाहारगृह, ग्रंथालय व बाग येथे या युवकांना ठरावीक काम सरावासाठी देता येईल. अध्यापक विद्यालयांतील छात्राध्यापकांना एका मुलाच्या एका कौशल्याची वर्षभर नोंद ठेवण्याचा प्रकल्प देता येईल.

समारोप

स्वावलंबन म्हणजे कोणाच्याही मदतीवाचून जगणे नव्हे. तसे कोणीच जगत नाही. जे जमते ते स्वतः करणे, जे जमत नाही त्यासाठी योग्य व्यक्तीकडे मदत मागणे आणि आपल्या आवडीनिवडी सांगता येणे, एवढा त्याचा अर्थ आहे. पालकांच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर शाळा देऊ शकणार नाही. कायदेशीर पालकत्वासाठी ‘राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९’ अन्वये स्थानिक स्तर समितीची तरतूद आहे. परंतु पुढे जो कोणी त्या व्यक्तीचा सांभाळ करील, त्याचा भार आणि तिचे स्वतःचे परावलंबन हलके करणे मात्र आजच्या शिक्षकाच्या हाती आहे.