काटक माणसालाही शुगर होते

“आपण राबणारी माणसं, आपल्याला कशाची शुगर?” जालन्याच्या मोंढ्यात हे ऐकू येतं, अंबडच्या एसटीत ऐकू येतं, पंगतीत जिलबीचा आग्रह सुरू झाला की हमखास ऐकू येतं. बोलणारा बहुधा चाळिशीतला, किडकिडीत हातापायांचा. वजन साठ-बासष्ट किलो. शुगर म्हणजे गादीवर बसून हिशेब लिहिणाऱ्याचा आजार आणि अटॅक म्हणजे शहरातल्या टेन्शनचा आजार, अशी त्याची पक्की समजूत. या समजुतीचा मला राग येतो, कारण ती माणसाला तपासणीच्या दारापर्यंत जाऊच देत नाही. मग कधीतरी पायाची जखम चिघळते, किंवा मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं जातं, आणि आकडा तीनशेच्या वर निघतो. तोवर आजार अंगात किती वर्षं होता, हे कोणालाच सांगता येत नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ सर्वेक्षणाने २०११ मध्ये महाराष्ट्राचे आकडे दिले होते. शहरांत मधुमेहाचं प्रमाण १०.९ टक्के, खेड्यांत ६.५ टक्के. म्हणजे गावातल्या साधारण पंधरा प्रौढांमागे एकाला तेव्हाच मधुमेह होता. याच सर्वेक्षणाचे देशभराचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले: ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह, १५.३ टक्के उंबरठ्यावर, म्हणजे पूर्व-मधुमेहात, आणि ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब. त्यातली एक गोष्ट नीट वाचावी अशी आहे. बाकीचे सगळे विकार शहरांत जास्त आढळले, पण पूर्व-मधुमेहाच्या बाबतीत मात्र शहर आणि खेडं यांत फरक नव्हता. उंबरठ्यावर दोघं सारखेच उभे आहेत.

पण बारीक माणसाला हा आजार होतोच कसा? याचं उत्तर आपल्याच राज्यात, पुण्याच्या केईएम रुग्णालयात शोधलं गेलं. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा: २२.३. शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची भरली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काटा एकच आकडा दाखवत होता, पण एका शरीरात स्नायू जास्त होते आणि दुसऱ्यात चरबी. ही चरबी दंडावर किंवा मांडीवर दिसत नाही. ती पोटाच्या आत, आतड्यांभोवती आणि यकृतात साठते. तिथून ती इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते आणि रक्तातली घातक चरबी वाढवते. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा बराचसा वाटा स्नायू उचलतात. स्नायूच कमी असतील तर ती साखर रक्तातच फिरत राहते.

ही ठेवण आईच्या पोटातच ठरू लागते. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर बायकांचा अभ्यास सुरू झाला. त्यांच्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो भरलं. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो होतं. आपली बाळं वजनाला कमी, पोटाला लहान, स्नायूंनी कमी, पण कातडीखालच्या चरबीत मात्र फारशी मागे नव्हती. पोटात असताना उपासमार झाली की शरीर आधी चरबी राखतं आणि स्नायूंवर काटकसर करतं. पुढे त्याच मुलाच्या ताटात भरपूर अन्न आलं की ते त्याला पेलत नाही.

हे वाचताना मला १९७२ चा दुष्काळ आठवल्याशिवाय राहत नाही. मराठवाड्यातल्या बायका तेव्हा गरोदरपणातही दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या आणि सुकडीवर दिवस काढत होत्या. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात उपासमार झाली होती. त्या वेळी गर्भात असलेल्यांची पन्नाशीत तपासणी झाली, तेव्हा त्यांच्या शरीराला साखर पेलण्यात अडचण येत असल्याचं दिसलं. आपल्याकडे दुष्काळात गर्भात असलेली पिढी आज पन्नाशी ओलांडून गेली आहे. जालना, अंबड, परतूर, भोकरदन या भागात त्या वर्षांत जन्मलेल्या प्रत्येकाने वजन कितीही असो, दरवर्षी साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता ‘राबणारी माणसं’ या शब्दांकडे येऊ. जिथे अंगमेहनत होते तिथे तिचा फायदा होतोच, तो कोणी नाकारत नाही. पण नांगरट ट्रॅक्टरने होते, सोयाबीनची मळणी यंत्रावर होते, शेतापर्यंत मोटारसायकल जाते, पाण्याची मोटार मोबाइलवरून सुरू होते. उरलेली निंदणी-खुरपणी आणि कापूस वेचणी बहुतेक घरांत बायका करतात. पेरणी आणि काढणीचे आठवडे सोडले तर शेताच्या मालकाचं वर्ष बरंचसं बसून जातं. आजोबा मोटेवर जे खात होते तेच आणि तेवढंच नातू खातो. वर पंगतीतलं गोड आणि हॉटेलातली भजी वेगळी.

म्हणून काटा बाजूला ठेवा आणि टेप घ्या. बावन्न देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात हृदयविकाराच्या झटक्याचा अंदाज बीएमआयपेक्षा कंबर आणि नितंब यांच्या घेराच्या प्रमाणावरून जास्त चांगला बांधता आला. आपल्या लोकांसाठी कंबरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८० सेंटिमीटर. पँटचा नंबर सांगू नका, पट्टा पोटाखाली बांधलेला असतो. शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, कपड्यावरून न मोजता उघड्या अंगावर टेप धरा. आशाताई तीस वर्षांवरील प्रत्येकाचा जो फॉर्म भरतात त्यातही कंबरेचा घेर विचारलेला असतो. तो अंदाजाने सांगू नका, मोजूनच घ्या.

दिसणारी आणखी एक खूण आहे आणि तिच्यावरून घराघरात पोरांना बोलणी बसतात. मानेच्या मागे आणि काखेत कातडी काळी, जाडसर, मखमलीसारखी होते. आई तो मळ समजून घासणीने घासते. तो मळ नाही. शरीरात इन्सुलिन प्रमाणाबाहेर वाढल्याची ती खूण असू शकते. घासणं थांबवा आणि रक्त तपासा, मूल पंधरा वर्षांचं असलं तरी. तसंच सोनोग्राफीत ‘लिव्हरवर चरबी’ असं आलं की “मी तर दारूला शिवलोही नाही” म्हणून कागद फाइलमध्ये ठेवला जातो. दारू न पिणाऱ्याच्या यकृतातली चरबी हीच त्या आतल्या चरबीची पावती आहे.

लघवीला मुंग्या लागल्या नाहीत म्हणजे शुगर नाही, हेही खोटं. रक्तातली साखर साधारण १८० च्या पुढे गेल्यावरच ती लघवीत उतरते. उपाशीपोटी १२६ ला मधुमेह ठरतो आणि १०० च्या पुढेच सावध व्हायचं असतं. मुंग्यांची वाट पाहणारा बराच उशिरा जागा होतो.

खाण्याबद्दलचे गैरसमज तर विचारू नका. गूळ चालतो, साखर नको, हा सर्वांत लाडका. गुळातही बहुतांश साखरच असते, रक्ताला रंग कळत नाही. दोन चमचे साखर घातलेला एक चहा म्हणजे आठ-दहा ग्रॅम. पाहुण्यारावळ्यांत दिवसाला सहा चहा झाले तर पन्नास-साठ ग्रॅम नुसत्या चहातून गेले. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसभराची वरची मर्यादाच साधारण पन्नास आहे, आणि पंचवीसच्या आत राहणं उत्तम. दुसरा गैरसमज ज्वारीचा. ज्वारी चांगली आहे, तिच्यात तंतू आहेत, रेशनच्या तांदळापेक्षा ती कधीही बरी. पण चार भाकरी कालवणात कुस्करून खाल्ल्या तर ज्वारी वाचवणार नाही. २०२५ मध्ये आलेल्या इंडियाबच्याच विश्लेषणात भारतीयांच्या आहारात सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते असं दिसलं. नुसतं एक धान्य बदलून दुसरं घेतल्याने धोका कमी झाला नाही. भाकरीचा थोडा वाटा डाळ, मटकी, दही, अंडी यांना दिल्यावर तो कमी होताना दिसला. तेव्हा चारांतली दीड भाकरी कमी करा आणि घट्ट वरण किंवा उसळ वाढवा. घरची मोसंबी फोडी करून खा. रसाच्या पेल्यात तीन-चार फळं एका घोटात जातात.

बाकीचे झटपट. डोकं दुखत नाही म्हणजे बीपी नाही: उच्च रक्तदाब बहुधा काहीच दुखवत नाही. गोळ्यांनी किडनी जाते: किडनी जाते ती ताब्यात न ठेवलेल्या साखरेने आणि रक्तदाबाने. मेडिकलमधून स्वतःच आणून रोज घेतलेल्या गुडघेदुखीच्या गोळ्याही तिला मारतात. बिडी सोडून तंबाखू धरली म्हणजे हृदय सुटलं: इंटरहार्टमध्ये तंबाखू चघळणाऱ्यांतही झटक्याचा धोका दुपटीहून जास्त निघाला. ईसीजी नॉर्मल म्हणजे हृदय ठणठणीत: तो त्या क्षणापुरता असतो. बाळंतपणानंतर शुगर गेली: गेली खरी, पण त्या बाईला पुढे मधुमेह होण्याचा धोका अनेक पटींनी जास्त असतो, म्हणून तिची तपासणी दरवर्षी व्हायला हवी. कारल्याच्या रसावर औषध बंद करू नका.

एक गैरसमज मात्र असा आहे की तो तासाभरात जीव घेतो. छातीत दडपण आलं, घाम फुटला, जबडा किंवा डावा हात भरून आला, की घरात पहिला शब्द येतो ‘ॲसिडिटी’. मग सोडा, मग ओवा, मग “सकाळी बघू.” मधुमेह असलेल्याला तर कदाचित छातीत दुखणारही नाही, नुसती धाप लागेल आणि गळाल्यासारखं होईल. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षाच्या आसपास येतो, इतरांना ५९ च्या. तेव्हा “एवढ्या वयात कसला अटॅक” हे म्हणायची सोय आपल्याला नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन बारा तासांच्या आत उपयोगी पडतं आणि पहिल्या एक-दोन तासांत सर्वांत जास्त. मोटारसायकलवर मधे बसवून नेऊ नका. १०८ ला फोन करा. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि पैसे लागत नाहीत.

“आपल्या नशिबातच असेल तर काय करणार?” असंही पुढे विचारलं जातं. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी पूर्व-मधुमेह असलेल्या ५३१ भारतीयांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. ज्यांना फक्त आहार आणि चालण्याचा सल्ला दिला, पाठपुरावा केला, त्यांच्यात तीन वर्षांत मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला. मेटफॉर्मिन गोळीने तो २६.४ टक्क्यांनी घटला. म्हणजे चालणं आणि ताट सुधारणं हे गोळीच्या तोडीचं ठरलं, आणि ते आपल्यासारख्याच भारतीय शरीरांवर.

तुमचं वय तीसच्या पुढे असेल तर गावच्या उपकेंद्रात, म्हणजे आयुष्मान आरोग्य मंदिरात, रक्तदाब आणि साखर मोफत तपासली जाते. बारीक आहात म्हणून टाळू नका. जाताना घरातल्या बाईमाणसालाही सोबत न्या, तिची तपासणी सगळ्यांत शेवटी होते आणि बहुतेक वेळा होतच नाही.